रिमझिम पावसात जोडीनं इंटरव्हल रन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला की धावणाऱ्यांचे दोन गट पडतात. एक गट बूट कपाटात ठेवून सप्टेंबरची वाट बघतो, दुसरा भिजत का होईना धावत राहतो. हे प्रश्न दुसऱ्या गटातल्यांचे आहेत, त्यातही आठवड्यातून एकदा कुणाला तरी सोबत घेऊन वेगाचा सराव करणाऱ्यांचे. मी पुण्यात धावते. माझी जोडीदार म्हणजे माझी धाकटी जाऊ. ती माझ्यापेक्षा बरीच वेगवान आहे, म्हणून यातली बरीच उत्तरं मागून धावणाऱ्याच्या बाजूनं लिहिली आहेत.

इंटरव्हल रनमध्ये नक्की करायचं काय?

ठरावीक वेळ जोरात धावायचं, ठरावीक वेळ सावकाश जॉग करायचं किंवा चालायचं, आणि हे पाच-सहा वेळा करायचं. जोरातला भाग म्हणजे रिपीट, सावकाशीचा भाग म्हणजे रिकव्हरी.

ही पद्धत शास्त्रीय रीतीनं बसवली ती १९३०च्या दशकापासून पुढे जर्मनीत, प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि फ्रायबुर्गचे हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांनी. नाडी मिनिटाला १८०च्या आसपास न्यायची आणि १२०वर उतरली की पुढचा रिपीट सुरू करायचा. दीड मिनिटात ती उतरली नाही, तर काम झेपत नाही असं समजून ते कमी करायचं. गेर्शलरच्या हाताखाली तयार झालेल्या रुडॉल्फ हार्बिगनं १९३९ साली मिलानमध्ये ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पार केले. तो विश्वविक्रम १९५५पर्यंत टिकला. हृदय घडतं ते रिकव्हरीत, असा फ्रायबुर्गकरांचा दावा होता. आज तो जसाच्या तसा कुणी मानत नाही, पण रिकव्हरी नीट झाली नाही तर पुढचा रिपीट वाया जातो हे कुठल्याही कोचला विचारा. जोडीनं धावणाऱ्यांसाठी तर रिकव्हरी हाच मुख्य भाग आहे. ते कसं, ते पुढे सांगते.

पावसात भिजून सर्दी-ताप येणार नाही का?

सर्दी विषाणूंमुळे होते, पावसाच्या थेंबांमुळे नाही. धावताना अंग तापलेलं असतं, तेव्हा भुरभुर त्रास देत नाही, उलट मे महिन्याच्या मानानं बरंच वाटतं. त्रास होतो तो नंतर. धावून झालं, कोपऱ्यावर चहा घेतला, ओल्या टी-शर्टवर वीस मिनिटं गप्पा मारल्या आणि मग स्कूटरवरून वारं खात घरी गेलं, की हुडहुडी भरणारच. कोरडा टी-शर्ट आणि पंचा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डिकीत ठेवा. आधी कपडे बदला, मग चहा.

आदल्या दिवसापासून ताप, अंगदुखी किंवा छातीत कफ असेल तर मात्र इंटरव्हल नको. पाऊस असो वा नसो.

किती पावसापर्यंत बाहेर पडावं?

हवामान खातं २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर पाऊस झाला तर त्याला हलका म्हणतं आणि ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार. पण दिवसभराचा आकडा सकाळी सहाला काय चाललंय ते सांगत नाही. रडारचं चित्र बघा आणि खिडकीतून हात बाहेर काढा. साधी कसोटी अशी: समोरच्या शंभर मीटरवरचा रस्ता स्पष्ट दिसतोय आणि रस्त्यावरून पाणी वाहत नाहीये, तर चला. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर तो दिवस सोडा. पुणेकरांनी एवढं बघावं की अलर्ट शहराला आहे की घाटमाथ्याला. दोन्ही वेगवेगळे दिलेले असतात आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

विजा चमकत असतील तर?

घरी बसायचं. वीज दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ताबडतोब पक्क्या इमारतीत किंवा गाडीत शिरा, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तरी बाहेर येऊ नका. झाडाखाली थांबायचं नाही. आपल्याकडे हा धोका मे-जूनमधल्या वळवाच्या सरींत आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात जास्त असतो. जुलै-ऑगस्टच्या झिमझिमीत विजा क्वचितच असतात, पण नियम तोच.

आमच्या दोघांच्या वेगात खूप फरक आहे. जोडीनं इंटरव्हल करणं शक्य आहे का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर हो असं आहे. किंबहुना वेगात फरक असलेल्या जोडीला लांब पल्ल्याच्या धावण्यापेक्षा इंटरव्हल जास्त सोयीचं. दहा किलोमीटर एकत्र धावायचे तर एकाला सतत दामटावं लागतं किंवा दुसऱ्याला सतत लगाम घालावा लागतो. इंटरव्हलमध्ये जोरातला भाग ज्यानं त्यानं आपापल्या ताकदीनं करायचा, सावकाशीचा भाग बरोबर करायचा.

मात्र एक अट आहे: रिपीट अंतरावर नाही, वेळेवर मोजायचे. ४०० किंवा ८०० मीटर ठरवलेत की एक जण आधी पोचतो, दुसरा नंतर, आणि मागून येणाऱ्याची विश्रांती नेमकी कापली जाते. वेळ ठरवली की दोघांचं काम एकाच क्षणी संपतं.

आकडे घालून बघा. समजा एकीचा जोरातला वेग किलोमीटरला ४ मिनिटं ५५ सेकंद आहे आणि दुसरीचा ६ मिनिटं १५ सेकंद. तीन मिनिटांत पहिली साधारण ६१० मीटर जाते, दुसरी ४८०. मध्ये १३० मीटर पडले. आता रिकव्हरी सुरू झाली की पुढचीनं मागे वळायचं आणि मागचीनं तसंच पुढे यायचं. दोघी किलोमीटरला आठ मिनिटांच्या संथ चालीनं जॉग करत असतील तर अर्ध्या मिनिटात भेटतात. दोन मिनिटांच्या रिकव्हरीतलं उरलेलं दीड मिनिट बरोबर. पुढचा रिपीट पुन्हा एकत्र सुरू.

यात पुढच्यानं लक्षात ठेवायची गोष्ट अशी की परत येणं ही मेहेरबानी नव्हे, सरावाचाच भाग आहे. आणि मागच्यानं भेटल्या-भेटल्या ‘सॉरी हं, माझ्यामुळे थांबावं लागतंय’ म्हणणं बंद करायचं. कुणी कुणासाठी थांबलेलं नाही.

याशिवाय आणखी काही पद्धती आहेत का?

आहेत. छोटा, सरळ, चांगला रस्ता हाताशी असेल तर ‘जाऊन-येऊन’ करा. एकाच जागेवरून निघायचं, दीड मिनिटानं शिट्टी किंवा हाक, दोघांनी जिथे असाल तिथून वळायचं आणि परत यायचं. दोघांनी चाल सारखी ठेवली तर सुरुवातीच्या जागी जवळपास एकदमच पोचता. शेवटच्या पन्नास मीटरमध्ये पुढचा मागून येऊन गाठतो, तेव्हा दोघांनाही चांगला जोर चढतो. ओल्या रस्त्यावर जागच्या जागी गर्रकन वळू नका. चार-पाच पावलं आधी वेग कमी करा आणि मोठा वळसा घ्या. पाय बहुतेक वेळा वळतानाच सटकतो.

आळीपाळीची पद्धतही चालते, म्हणजे एकानं एक फेरी मारायची तोवर दुसऱ्यानं विश्रांती. ट्रॅकवर ती छान जमते. पण भुरभुर चालू असताना उभं राहिलेल्याचं अंग झटक्यात गार पडतं, तेव्हा विश्रांतीवाल्यानं चालत राहायचं.

एका सत्राचा आराखडा सांगाल का?

आम्ही पावसाळ्यात करतो तो असा. पंधरा मिनिटं सावकाश जॉग, त्यात शेवटी वीस-वीस सेकंदांच्या चार स्ट्राइड्स, म्हणजे हळूहळू वेग वाढवत नेलेल्या छोट्या धावा. मग तीन मिनिटं जोरात, दोन मिनिटं सावकाश, असे पाच रिपीट. शेवटी दहा मिनिटं अगदी रमतगमत. सगळं मिळून पन्नास मिनिटं.

नव्यानं सुरू करणाऱ्यांनी एक मिनिट जोरात आणि दोन मिनिटं चालणं असे सहा रिपीट करावेत. त्याआधी अर्धा तास न थांबता सावकाश धावता आलं पाहिजे. हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह असेल किंवा चाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरुवात करत असाल, तर आधी डॉक्टरांशी बोला.

वॉर्म अप पावसात जरा वाढवा, कमी करू नका. पहिल्या रिपीटला अंग आखडलेलं असेल तर पोटरी धरते.

आठवड्यातून एकदा पुरे. ऑगस्टअखेरीच्या किंवा सप्टेंबरातल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करणारे दुसरं सत्र चढावर घेतात. त्या शर्यतीत यवतेश्वरचा घाट चढायचा तर ते योग्यच आहे. पण दोन्हींमध्ये किमान दोन दिवस जाऊ द्या.

एप्रिलमध्ये येत होता तो पेस (किलोमीटरला लागणारा वेळ) पावसात येत नाही. आम्ही मागे पडलो का?

नाही. ओल्या रस्त्यावर पाऊल जपून पडतं, ढांग आपोआप आखूड होते, भिजलेले बूट जड होतात. शिवाय हवेत दमटपणा इतका असतो की घाम उडून जात नाही. तो उडाला नाही तर अंग थंड होण्याचं काम मंदावतं. तापमान २३-२४ अंश दिसत असलं तरी नाडी चढीच राहते.

म्हणून पावसात घड्याळातल्या पेसचा नाद सोडा आणि श्वासावर जा. जोरातल्या भागात तीन-चार शब्दांच्या वर बोलता येऊ नये. रिकव्हरी संपता-संपता एक पूर्ण वाक्य सलग बोलता आलं पाहिजे. जोडीदाराचा खरा उपयोग इथे होतो. मी जावेला दर रिकव्हरीत काहीतरी साधं विचारते: आज डब्याला काय, पिल्लूची शाळा कितीला सुटते. ‘आज ना ताई, तोंडल्याची भाजी आणि...’ इथेच दम तुटला, तर पुढचा रिपीट आम्ही अर्धा मिनिट उशिरा सुरू करतो. तीही मला असंच तपासते. माणूस स्वतःबद्दल ‘मी ठीक आहे’ असंच म्हणतो. शेजारच्याचा श्वास ऐकणाऱ्याला मात्र खरं कळतं.

कुठे धावावं?

पावसाळी इंटरव्हलचं निम्मं यश जागेवर आहे. हवी ती जागा अशी: सपाट, पाणी न साचणारी, गाड्या कमी, आणि दोघं शेजारी-शेजारी मावतील एवढी रुंद.

सिंथेटिक ट्रॅक मिळाला तर प्रश्नच नाही, त्यावर पाय ओल्यातही चांगला धरतो. पुण्यात सारसबागेजवळचं बाबूराव सणस मैदान, बालेवाडीचं क्रीडासंकुल, मुंबईत नेपियन सी रोडचं प्रियदर्शिनी पार्क. प्रवेशाचे आणि वेळेचे नियम आधी विचारून घ्या.

ट्रॅक नसेल तर खडबडीत डांबर सगळ्यात चांगलं. गुळगुळीत काँक्रीट त्याखालोखाल. फुटपाथवरच्या पेव्हर ब्लॉकवर मी वेगानं धावणार नाही. एखादा ब्लॉक सुटलेला असतो, त्याखाली पाणी असतं, पाय पडला की तो कलंडतो आणि घोटा मुरगळतो. तळजाई किंवा वेताळ टेकडीवरची मातीची पायवाट जून उजाडेपर्यंत फार सुंदर. दोन पाऊस झाले की तिचा लाल चिखल होतो. तिथे सावकाश धावा, चाला, मोर बघा. इंटरव्हल नको. कोकणात आणि गोव्यात जांभ्या दगडाच्या पायऱ्या, पाखाड्या आणि कठडे हिरवेगार झालेले असतात, त्यांच्यापासून लांब राहा.

मरीन ड्राइव्हवर धावणाऱ्यांनी भरतीची वेळ बघूनच जावं. मोठ्या भरतीला लाट कठडा ओलांडून थेट फरशीवर येते.

पाय घसरू नये म्हणून काय करायचं?

पहिल्या पावसात सगळ्यात जास्त जपा. महिनोन्महिने रस्त्यावर सांडलेलं ऑइल आणि धूळ पाण्याबरोबर वर येते आणि पातळ थर बसतो. डांबरावर इंद्रधनुषी तवंग दिसला की तिथून चालत जायचं. दोन-तीन चांगल्या सरींनी रस्ता धुऊन निघाला की तोच रस्ता बरा होतो.

बाकी नेहमीच्या जागा: झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणं, पेट्रोल पंपाचं तोंड, बसथांब्यासमोरचा भाग, गुलमोहराच्या आणि पिंपळाच्या सडलेल्या पानांचा थर. यावरून धावावं लागलंच तर वळू नका, ब्रेक लावू नका, सरळ आणि आखूड पावलांनी पार व्हा. साचलेल्या पाण्यात पाय घालायचा नाही, खाली खड्डा किती खोल आहे ते दिसत नाही.

आणि पुढच्यानं ओरडायचं. आमच्या हाका ठरलेल्या आहेत: ‘झाकण!’, ‘डावीकडे!’, ‘गाडी!’, ‘कुत्रं!’. लांबलचक वाक्यं नकोत. ‘ताई, पुढे जरा बघ हं, तिकडे पाणी साचलंय’ एवढं म्हणेपर्यंत ताई पाण्यात गेलेली असते.

कपडे आणि बूट कसे?

सुती बनियन-टीशर्ट टाळा. तो पाणी पितो, जड होतो आणि अंगाला चिकटून घासतो. पॉलिस्टरचा पातळ, अंगाबरोबरचा टी-शर्ट पुरे. रेनकोट किंवा जाड विंडचीटर घालून इंटरव्हल केलंत तर आतून घामानं बाहेरच्यापेक्षा जास्त भिजाल. वॉर्म अपपुरतं पातळ जॅकेट घातलं आणि रिपीटच्या आधी काढून कमरेला बांधलं, तर चालेल.

कॅप मात्र हवी, पुढच्या झापेमुळे डोळ्यांत पाणी येत नाही. चष्मा असेल तर ती आवश्यकच. जांघा, काखा, बायकांनी स्पोर्ट्स ब्राची कड आणि पुरुषांनी स्तनाग्रं, इथे निघण्याआधी व्हॅसलिन लावा. पावसात कातडी लवकर सोलवटते आणि अंघोळीचं गरम पाणी पडलं की डोळ्यांत पाणी येतं.

बुटांचा तळ उलटा करून बघा. खाचा झिजून सपाट झाल्या असतील तर ते बूट पावसासाठी नाहीत. वॉटरप्रूफ बुटांवर पैसे घालू नका. पाणी वरून, घोट्याकडून शिरतंच आणि मग बाहेर जात नाही. जाळीदार बूट भिजतात तसेच निथळतातही.

घड्याळ आणि मोबाइलचं काय?

टच स्क्रीनवर पाण्याचे थेंब पडले की लॅप आपोआप सुरू-बंद होतात. स्क्रीन लॉक करा आणि बाजूचं बटण वापरा. त्याहून सोपं म्हणजे तीन मिनिटं–दोन मिनिटं असा टायमर घरूनच लावून घ्या. मनगटावरची नाडी इंटरव्हलमध्ये तशीही मागे राहते. रिपीट संपत आला तरी ती अजून चढत असते. नाडी मोजायला छातीचा पट्टा जास्त भरवशाचा.

दोघांपैकी एकाच्याच घड्याळावर सत्र चालवा. दोन घड्याळांच्या दोन पिपाण्या झाल्या की गोंधळ होतो. मोबाइल झिपच्या पाऊचमध्ये, आणि इअरफोन घरी. जोडीदाराची हाक आणि मागून येणारी गाडी, दोन्ही ऐकू यायला हवं.

पहाटे अंधार असतो, त्यात पाऊस. सुरक्षित आहे का?

ढगाळ दिवशी उजेड अर्धा तास उशिरा येतो. इंटरव्हल उजाडल्यावरच सुरू करा, वॉर्म अप हवं तर आधी. चकाकणारी पट्टी असलेले फिकट कपडे घाला आणि येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून धावा. पाऊस असला की दुचाकीवाले हेल्मेटच्या काचेतून अंधुकच बघत असतात. ते तुम्हाला बघतील असं गृहीत धरू नका, तुम्ही त्यांना बघा. रिकव्हरीत शेजारी-शेजारी, पण रस्त्यावर गाडी दिसली की लगेच एकामागे एक.

बायकांनी आपला रस्ता आणि परत येण्याची वेळ घरी सांगून निघावं. पुढे धावणारीनं मागची नजरेआड होईल असं वळण घेऊ नये. तीन मिनिटांचे रिपीट आम्ही ठेवलेत त्याचं एक कारण हेही आहे.

पाणी प्यायचं का? तहान लागतच नाही.

हो. घाम पावसात मिसळतो म्हणून दिसत नाही, येत असतोच. निघण्याआधी एक ग्लास, आल्यावर दोन. आल्यावर लिंबू-मीठ-साखर घातलेलं पाणी उत्तम.

जोडीदार मध्येच थकला किंवा त्याचा दिवस चांगला नसला, तर आपला सराव पूर्ण करावा की थांबावं?

दुखत असेल, चक्कर येत असेल, छातीत जड वाटत असेल, तर दोघांनीही थांबायचं. यावर चर्चा नाही. नुसता थकवा असेल तर त्यानं रिपीट गाळून रिकव्हरीच्या चालीनं चालत राहायचं आणि दुसऱ्यानं त्याच्याभोवतीच येरझाऱ्या घालत आपले पूर्ण करायचे.

आणि आपण थांबलो म्हणजे आपलं नुकसान झालं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी २०१८ची बोस्टन मॅरेथॉन. १६ एप्रिल, गोठवणारा पाऊस, तोंडावर वारं. अमेरिकेच्या डेझ लिंडेनला सुरुवातीपासूनच आज आपलं काही खरं नाही असं वाटत होतं. तिनं बरोबर धावणाऱ्या शालेन फ्लॅनगनला सांगितलं की तुला काही मदत लागली तर सांग. वाटेत फ्लॅनगनला स्वच्छतागृहात जावं लागलं, तेव्हा लिंडेन वेग कमी करून तिच्यासाठी थांबली आणि तिला पुन्हा पुढच्या घोळक्यापर्यंत घेऊन गेली. ती शर्यत लिंडेननंच जिंकली, २ तास ३९ मिनिटं ५४ सेकंदांत. तेहतीस वर्षांनी एका अमेरिकन बाईनं बोस्टन जिंकली होती. मी हा किस्सा नव्या धावणाऱ्या प्रत्येकीला सांगते.

घरी आल्यावर काय काळजी घ्यायची?

पाय साबणानं धुवा, बोटांच्या बेचक्या पुसून पूर्ण कोरड्या करा. पावसाळ्यात चिखल्या होतात त्या ओल्या बेचक्यांमुळेच. खाज सुटली, कातडी पांढरी पडून सुटायला लागली, तर बुरशीवरचं मलम डॉक्टरांना विचारून लावा आणि मोजे रोज बदला. बुटातली सुकतळी काढून ठेवा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन-तीन तासांनी बोळे बदला आणि पंख्याखाली ठेवा. हीटरसमोर किंवा गॅसजवळ नको, तळाचा डिंक सुटतो. शक्य असेल तर पावसाळ्यात दोन जोड आलटून पालटून वापरा.

पायाला जखम किंवा भेग असताना साचलेल्या पाण्यातून गेला असाल तर विशेष लक्ष द्या. लेप्टोस्पायरोसिस असाच, उंदरांच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्यातून जखमेवाटे होतो. नंतरच्या दोन-चार आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत जबरदस्त दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं, तर घरगुती काढ्यांवर दिवस काढू नका. डॉक्टरांकडे जा आणि साचलेल्या पाण्यातून गेल्याचं आपणहून सांगा. वेळेत औषध सुरू झालं तर तो बरा होतो, अंगावर काढला तर मूत्रपिंड आणि यकृतापर्यंत जातो. जोडीदारालाही कळवा, तीही त्याच पाण्यातून गेलेली असते.